चर्चासत्र नावाची शोकसभा

'चर्चासत्र' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर स्टेजवरच्या सहा खुर्च्या येतात. मागे फ्लेक्स, त्यावर 'दोन दिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र', दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (पाहुण्यांनी स्वतःच लिहून दिलेला), 'वेळेअभावी' तीन-तीन मिनिटांत उरकलेले पेपर आणि खाली हजेरीच्या बोलीवर बसवलेली पोरं. प्रश्नोत्तरं? जेवण गार होतंय म्हणून रद्द. दोन दिवसांत सगळं होतं, एक चर्चा सोडून. २०१० साली यूजीसीनं प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले, पेपर वाचला की गुण मिळायला लागले, आणि मग ही सत्रं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. असो. ज्यांना शाली मिळाल्या त्यांची थंडीची सोय झाली.

पण आज मला या थोरल्या भावाबद्दल बोलायचं नाहीये. त्याच्या धाकट्या भावाबद्दल बोलायचंय. वर्गातला चर्चेचा तास. ग्रुप डिस्कशन, सेमिनार, इंटरॅक्टिव्ह सेशन, नाव काहीही द्या. अंतर्गत गुणांच्या यादीत तो हमखास असतो, आणि महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आल्यावर तर 'विद्यार्थीकेंद्री' आणि 'चिकित्सक विचार' हे शब्द प्रत्येक कागदावर छापलेले असतात. कागद छानच आहे. वर्गात काय होतं ते बघू.

दिवाळीत अकोल्याला गेलो होतो. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी नेहमीचा खुलासा: विदर्भातलं अकोला नव्हे. प्रवराकाठचं, अगस्ती ऋषींचं, कळसूबाई ज्या तालुक्यात आहे ते अकोले. जिल्हा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर.) भाचा बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे मित्रमैत्रिणी घरी आले होते, सात-आठ जण, कुणी बीए, कुणी बीएस्सी, तालुक्यात आणि तालुक्याबाहेर वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणारे. फराळ झाला आणि मी सहज विचारलं, "काय रे, तुमच्याकडे चर्चेचे तास होतात का?" त्यानंतर दीड तास मी फक्त चिवडा खात ऐकत होतो. कॉलेजांची नावं घेणार नाही, घेऊन उपयोगही नाही. गोष्ट सगळीकडे एकच आहे.

गोष्ट अशी. सर येतात. फळ्यावर विषय लिहितात. 'सोशल मीडिया: शाप की वरदान'. 'जागतिकीकरण: फायदे व तोटे'. एका कॉलेजात तर विषयही इंग्रजीत आणि बोलायचंही इंग्रजीत, 'कारण पुढे इंटरव्ह्यूला लागतं'. मग सर म्हणतात, "हं, बोला." शांतता. पुन्हा "बोला ना, घाबरता काय?" मग ठरलेली तीन पोरं उठतात, शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा मारत आलेली. 'सन्माननीय व्यासपीठ' न म्हणता त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही. ती बोलतात, वर्ग टाळ्या वाजवतो, सर म्हणतात "छान", आणि मग पंचवीस मिनिटं सर स्वतः बोलतात. शेवटी हजेरी. मार्क सगळ्यांना जवळपास सारखेच, दहापैकी आठ. राजूरच्या बाजूनं एसटीनं येणारी एक मुलगी म्हणाली, "दादा, मी तीन सेमिस्टर 'चर्चेत सहभाग' याचे आठ मार्क घेतले. तोंड एकदाबी उघडलं नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तिच्या गुणपत्रिकेवर तो चक्क खोटा पुरावा आहे आणि तो तिनं नाही, आपण तयार केलाय.

आता यावर स्टाफरूममध्ये, आणि आपल्या कंपन्यांच्या एचआरमध्येसुद्धा, ठरलेलं निदान काय? 'ग्रामीण भागातली मुलं बोलत नाहीत. कॉन्फिडन्स नाही. एक्स्पोजर नाही.' आणि उपाय काय? व्यक्तिमत्त्व विकास शिबिर! टाय कसा बांधावा, हस्तांदोलन कसं करावं, नजरेला नजर कशी द्यावी.

हे निदान साफ खोटं आहे. पोरं गप्प बसतात कारण त्यांना बोलण्यासारखं काही दिलेलंच नसतं. 'सोशल मीडिया: शाप की वरदान' या विषयावर शहाण्या माणसानं गप्पच बसावं! त्यात वाचायला काही नाही, शोधायला काही नाही, कुणाचं काही बिघडत नाही. तिथं जो गप्प बसतो तो भित्रा नाही, त्याला निदान एवढं तरी कळतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जो बोलतो त्याला ते कळत नाही, आणि मार्क त्याला मिळतात.

आणि ज्या जिल्ह्यातल्या पोरांबद्दल हे बोललं जातं तो जिल्हा तरी बघा. २०१७ मध्ये याच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांनी संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून राज्यभर दूध-भाजीपाला अडला. ती चर्चा काय टाय बांधलेल्यांनी केली होती? एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्यातूनच लोणीकडे निघाला. राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेत गेल्या नाहीत, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि गावरान बियाण्यांवर त्या कुठल्याही सभेत कागद न घेता बोलतात. या लोकांची पोरं कॉलेजच्या वर्गात शिरली की एकदम मुकी होतात, असं जर आपलं म्हणणं असेल तर खोट पोरांत शोधायची की वर्गात?

खरी गोची अशी आहे की आपल्याकडे बोलण्याची परंपरा मोठी, पण ती वक्तृत्वाची. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, उत्तम. मी स्वतः तिचा चाहता आहे. पण व्याख्यान आणि चर्चा यांत तेवढाच फरक आहे जेवढा कीर्तन आणि पंचायतीत. आपण पोरांना चर्चेच्या नावाखाली छोटी-छोटी व्याख्यानं करायला लावतो आणि मग एकानं दुसऱ्याचं ऐकलं नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

गंमत म्हणजे हा फरक आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलाच ठाऊक होता. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधणं. जल्प म्हणजे काहीही करून जिंकणं. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं पाडणं. मराठीत आज यातला 'वितंडवाद' तेवढा शिल्लक आहे आणि 'वाद' म्हणजे भांडण. जल्प? त्याला हल्ली जीडी म्हणतात.

हो, आपली लाडकी जीडी. कॅम्पस इंटरव्ह्यूची दुसरी फेरी, तुमच्यापैकी बहुतेकांनी भोगली असणार. बारा पोरं गोल बसवायची, विषय फेकायचा आणि पंधरा मिनिटांत कोण कुणाच्या तोंडचा शब्द काढून घेतो ते बघायचं. मासळीबाजार परवडला, तिथं निदान मासे तरी मिळतात. या चाळणीतून आलेले आपण, आणि आता कॉलेजांना वाटतं की चर्चा म्हणजे हेच. आपण इंडस्ट्रीवाल्यांनी कॉलेजांना दिलेली ही भेट आहे, तेव्हा थोडं आपणही ऐकून घ्यायला हवं.

कारण प्रत्यक्ष कामात आपण असं वागतो का? डिझाइन रिव्ह्यूला आदल्या दिवशी डॉक्युमेंट येतं. न वाचता आलेला माणूस पाच मिनिटांत उघडा पडतो. कोड रिव्ह्यूत तर तोंडच लागत नाही: ओळ दाखवा, प्रश्न विचारा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसनं २००४ साली वरिष्ठांच्या मीटिंगांतून पॉवरपॉइंट हाकललं आणि सहा पानांचं टिपण आणलं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे साहेब लोक शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसून ते वाचतात, मग बोलतात. जगातल्या इतक्या महागड्या लोकांना आधी वाचायला द्यावं लागतं, आणि अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं मात्र फळ्यावरचे चार शब्द बघून विचार प्रकट करायचे!

त्या दीड तासातलं आतापर्यंत वैतागाचं सांगितलं. एक गोष्ट वेगळी निघाली, आणि हा लेख खरं तर तिच्यामुळेच लिहितोय.

भाच्याला गेल्या वर्षी एक मॅडम होत्या, तासिका तत्त्वावरच्या. त्यांनी पाच-सहा शनिवार एक उद्योग केला. मार्क नाहीत, सक्ती नाही, यायचं त्यानं या. सोळा जण आले. दोन दिवस आधी मॅडमनी दोन पानांची झेरॉक्स दिली. एका पानावर २०१३ च्या मेंढेगिरी समितीचं सूत्र: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. दुसऱ्या पानावर निळवंड्याचा हिशोब: १९७० साली मान्यता, तेव्हाचा अंदाज आठ कोटींच्या आसपास, शेवटी खर्च ५१७७ कोटींच्या घरात, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ ला. मराठीत, मोठ्या अक्षरांत. अट एकच: पहिला प्रश्न पानावरच्या एखाद्या ओळीवर विचारायचा, आणि तो चिठ्ठीवर लिहून आणायचा.

आणि हो, प्रत्येकाला काडेपेटीतल्या तीन काड्या. बोललात की एक काडी मध्ये टाकायची. काड्या संपल्या की तोंड बंद. माझ्या भाच्यानं पहिल्या पाच मिनिटांत तिन्ही काड्या संपवल्या (खानदानी गुण, दुसरं काय!) आणि पुढची चाळीस मिनिटं नुसता बसून राहिला. "मामा, ऐकायला लई जड जातं," तो म्हणाला. वीस वर्षांच्या पोरानं हे वाक्य बोलावं यासाठी मी कुठल्याही कॉलेजची फी भरायला तयार आहे.

ती राजूरकडची मुलगी (तीच, आठ मार्कवाली) मैत्रिणीबरोबर तिथं आली होती. तिच्या चिठ्ठीवर होतं: '१५ ऑक्टोबरच का?' एवढंच. तेव्हा पाऊस संपलेला असतो, म्हणून, असं कुणीतरी म्हणालं. मग ती म्हणाली, आमच्याकडं घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि एप्रिलात हंडा घेऊन चालावं लागतं. मग आमची तारीख या कागदात कुठली? कागद वरच्या धरणांबद्दल आणि खालच्या धरणाबद्दल बोलतो, धरणाच्याही वर राहणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन पानं तीनदा वाचली म्हणून दिसलं.

मग पेटलं. एकाच्या आजोबांची जमीन निळवंड्यात गेलेली. दुसऱ्याचं आजोळ संगमनेरकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं, पाण्याची वाट बघत दोन पिढ्या गेलेल्या. पहिला म्हणाला, तुमचं पाणी आमच्या घरावरून वाहतं. दुसरा म्हणाला, त्रेपन्न वर्षं थांबलो, आम्ही काय चोर आहोत का? आवाज चढले. मॅडमनी (हे मला फार आवडलं) 'असू दे, असू दे' केलं नाही. त्यांनी दोघांना सांगितलं, समोरच्याचं म्हणणं आधी तुझ्या शब्दांत मांड, तो 'हो, असंच' म्हणाला की मग तुझं बोल. पहिल्याला ते तीन वेळा करावं लागलं. पुढच्या शनिवारी तो आजोबांच्या ट्रंकेतला भूसंपादनाचा कागद घेऊन आला, घडीवर फाटलेला. आणि संगमनेरच्या आजोळवाल्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, कारण जुन्या सरकारी मराठीतलं अक्षर त्याला जास्त लागत होतं.

मी हे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, याला म्हणतात वाद. गौतमाच्या व्याख्येतला.

सगळं गुडीगुडी नव्हतं. एक पोरगं दोन शनिवार येऊन बंद झालं. त्याचं म्हणणं, "शेवटी बरोबर उत्तर काय ते मॅडमनी सांगितलंच नाही. परीक्षेत लिहायचं काय?" त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला बारा वर्षं आपण हेच शिकवलंय की प्रश्नाच्या मागच्या पानावर उत्तर असतं. एक मुलगी म्हणाली की चिठ्ठी वाचून दाखवायला बरं वाटायचं, पण समोरासमोर मुलाला 'तुझं चुकतंय' म्हणणं शेवटपर्यंत जमलं नाही. गावात ते घरापर्यंत पोचतं. हेही खरंच. पाच शनिवारांत जग बदलत नाही.

आता आक्षेप. ते येणारच. पहिला: 'वर्गात शंभर पोरं असतात हो, सोळा नसतात.' मान्य. अमेरिकेत फिलिप्स एक्झिटर नावाच्या शाळेत १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकानं कोट्यवधींची देणगी दिली ती याचसाठी, की एका लंबगोल टेबलाभोवती डझनभर पोरं आणि एक शिक्षक बसावेत. चर्चेला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. ज्या मास्तराला तासावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नसतं, त्याच्याकडून 'विद्यार्थीकेंद्री' शिक्षणाची अपेक्षा करणाऱ्या धोरणकर्त्यांनी आधी ती जागा भरावी. जागा भरायच्या नाहीत आणि फाईलमध्ये चर्चा मात्र झालेली हवी, याला माझा विरोध आहे. तोपर्यंत शंभरांचे गट करता येतात, वर्गाबाहेर झाड असतं, आणि दर आठवड्याला नाही तरी सेमिस्टरला तीनदा खरी चर्चा ही दहा खोट्या चर्चांपेक्षा बरी. मार्क देऊ नका. बोलण्याला तर मुळीच देऊ नका. द्यायचेच असतील तर लिहून आणलेल्या प्रश्नाला द्या.

दुसरा आक्षेप: 'ही पाश्चात्त्य फॅडं आहेत, आपल्याकडे चालत नाहीत.' गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. तिथं निर्णय घ्यायला ग्रामसभा, तीही सर्वसहमतीनं चालणारी, आणि समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट. अभ्यासगटात ठराव नाही, मतदान नाही, फक्त विषय वाचायचा, बाहेरच्या जाणत्याला बोलवायचं, उलटसुलट बोलायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं चालवली. त्यातून गावाला जंगलाचा कायदा कळला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा हक्क. शिकायची बैठक वेगळी आणि ठरवायची बैठक वेगळी, एवढी साधी गोष्ट आपल्या ऑफिसांतसुद्धा कुणाला कळत नाही (आमच्याकडे तर दोन्ही एकाच कॉलवर, आणि तिसरा माणूस म्यूटवर).

तिसरा आक्षेप जरा गंभीर आहे: असे विषय घेतले तर वर्गात गावचं राजकारण शिरेल. पाणी, जमीन, जात. शिरेलच! ते बाहेर आहेच, आणि तिथं कागद न वाचताच त्यावर डोकी फुटतात. वर्ग ही एकच जागा अशी आहे जिथं धरणग्रस्ताचा नातू आणि लाभधारकाचा नातू शेजारी बसून एकच पान वाचू शकतात. ती जागा आपण 'शाप की वरदान'साठी वापरणार?

आणि हे काही माझं नवं संशोधन नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं लिहून ठेवलंय की नुसत्या व्याख्यानांवर भागवू नका, ट्युटोरियल, लायब्ररीतलं काम आणि लेखी अभ्यास त्याला जोडा, नेमलेलं पाठ्यपुस्तक नको. पंचाहत्तर वर्षं उलटली. अहवाल मिळतो, वाचता येतो.

त्या मॅडम यंदा नाहीत. काम संपलं, पुन्हा बोलावणं आलं नाही. शनिवार बंद झालाय. पोरांनी स्वतः चालवायचा प्रयत्न केला, दोनदा जमले, तिसऱ्यांदा वाचायला काय घ्यायचं यावरच अडकलं. मी भाच्याला म्हटलं, कागद मी पाठवतो. पहिला पाठवलाय, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याबद्दलचा. १९८६ साली ते जाहीर झालं आणि त्यातल्या बऱ्याच वाड्यांतली पोरं या गटात आहेत. त्यावर काय झालं ते कळलं की लिहीन.

तुमच्यासाठी एक काम आहे. तुम्हालाही गावाकडच्या कॉलेजातून 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून बोलावणं येत असणार. करिअर मार्गदर्शन, एक तास, विषय 'आयटीतील संधी', शेवटी शाल. जाऊ नका असं म्हणत नाही. पण जाण्याआधी विचारा: पंधरा पोरं मिळतील का, आठवडाभर आधी दोन पानं वाटाल का, आणि खुर्च्या गोल मांडाल का. मला गेल्या आठवड्यात असंच एक बोलावणं आलं. मी या तिन्ही गोष्टी लिहून पाठवल्या, सोबत दोन पानंही जोडली. काल तिकडून फोन आला: सर, पानं मिळाली, छान आहेत, पण फ्लेक्सवर फोटो कुठला टाकायचा?